लाभ, दोन, तीन

दामाजी शेटला मुंबईच्या कोरड्या गोदीतलं काम मिळालं, तेव्हा कळव्याच्या कोळीवाड्यात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. बापाच्या होड्यांना डांबर फासता फासता हा माणूस बार्जवर गेला, बार्जवरून ट्रॉलरवर, आणि १९८९च्या डिसेंबरात थेट एका परदेशी मौजेच्या बोटीखाली. खालीच, कारण काम फक्त बुडाचं होतं. वरचे पाच मजले, नाचाचा हॉल आणि पोहण्याचा तलाव दुसऱ्या कंत्राटदारांकडे होते. पण कोळीवाड्यात सांगताना दामाजी "आपली बोट" असंच म्हणायचा.

बोट गोदीत येते म्हणजे काय होतं, हे तो येईल त्याला समजावून सांगे. उधाणाच्या भरतीला बोट आत घ्यायची. मागं दरवाजा लावायचा. पाणी पंपानं उपसायचं, की बोट हळूहळू खाली बसते, आधीच मांडून ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांच्या रांगेवर. "पाणी उतरलं की माणूस कळतो, तशीच बोट," दामाजी म्हणे. या बोटीचं वरचं अंग दुधासारखं पांढरं आणि खालचं कालवांनी खडबडलेलं निघालं. जिन्यावरचे गालिचे गुंडाळले, झुंबरांना जुन्या चादरी बांधल्या. सांडपाण्याला जायला जागाच नसल्यामुळे बोटीवरच्या सगळ्या संडासांना कुलपं लागली. कप्तानसुद्धा सकाळी गळ्यात टॉवेल टाकून काठावरच्या संडासाच्या रांगेत उभा राहतो, ही बातमी कळव्यात कालवांच्या बातमीपेक्षा जास्त चालली.

बुडाला भोकं असतात, हे मात्र बऱ्याच जणांना पटत नसे. तळाच्या टाक्या रिकाम्या करायला प्रत्येक टाकीखाली एक भोक आणि त्यात आट्यांचं पितळी बूच, मुठीएवढं. गोदीतलं पाणी उतरलं की ही बुचं काढायची, आणि पुन्हा पाणी घ्यायच्या आधी एकूण एक बसवायची. बुचं किती, हे बोटीच्या नकाशात असायला हवं. पण ही बोट आजवर चार मालकांच्या हातून गेलेली, नाव तीनदा रंगवलेली. नकाशात सोळा भोकं दाखवलेली. त्यातली काही कुठल्या तरी देशात वेल्डिंग करून बुजवलेली होती. कुठली, हे बोटीवर कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून बोटीच्या मेटनं, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्यानं, साधा मार्ग काढला. कंत्राटदारानं जेवढी काढली तेवढी त्यानं बसवायची, आणि आकडा कंत्राटदाराच्या रजिस्टरातला.

ते रजिस्टर चित्राकडे होतं. चित्रा डोंबिवलीची, बी.कॉम., वय सव्वीस. कळव्याच्या शेडमध्ये दोन लेथ मशीनच्या आवाजात बसून ती हजेरी, माल आणि दामाजीची इंग्रजी पत्रं सांभाळायची. तिच्या अक्षराला वळण होतं आणि स्वभावालाही. चुकलेला आकडा ती कधी गिरवत नसे. एक सरळ रेघ मारून वर बरोबर आकडा लिहायची आणि बाजूला सही करायची. दोन वर्षांत अशा सह्या तीनच होत्या, आणि त्या तिन्ही दुसऱ्यांच्या चुकांसाठी आहेत, हे ती न विचारता सांगायची.

बुचं काढायचं काम राघोनं केलं. राघो ठाकुर्लीचा आगरी. त्याची आई ठमाबाई मिठागरात जन्मभर पाट्या वाहिलेली, आणि तोही बारा वर्षांचा होईपर्यंत तिच्या मागं मागं. मिठागर गेलं तसा तो दामाजीकडे आला. अकरा वर्षं झाली, तरी हंगामीच. बोटीखाली आडवं पडून, तोंडावर गंजलेलं पाणी घेत बूच सोडवणं बाकीच्यांना नको असायचं. राघोला त्यात अपमान वाटत नसे. "ही बोट नीट पाण्यात गेली की तू मुकादम," असं दामाजीनं त्याला सांगितलं होतं. दामाजी शब्दाचा पक्का होता, फक्त शब्द उशिरा द्यायचा.

काढलेल्या बुचांचे आटे झिजले होते. लेथवर साफ करायला राघो ती गोणपाटात भरून कळव्याला घेऊन आला. गोदीत त्या त्या भोकात त्यानं लाकडी दट्टे ठोकले होते, वाळूचा फवारा मारताना आट्यांत वाळू जाऊ नये म्हणून.

शेडमध्ये चित्राच्या टेबलाशेजारी भिंतीत एकवीरा आईचा फोटो होता आणि फोटोखाली फळी. राघोनं गोणपाट उपडं केलं, पहिलं बूच उचललं, "लाभ" म्हणाला आणि ते फळीवर ठेवलं. चित्रा त्या वेळी मान खाली घालून पानावर तारीख आणि बोटीचं नाव लिहीत होती. "लाभ" तिनं ऐकलं. देवाधर्माचं काहीतरी असेल, असं समजून सोडून दिलं. मग राघो एकेक बूच रिकाम्या पोत्यात टाकत म्हणाला, "दोन, तीन, चार..." लेथच्या घरघरीत तो चौदापर्यंत पोचला.

चित्रानं चौदा लिहिलं. मग तिची लेखणी थांबली.

"राघोदादा, तुम्ही दोनपासून सुरुवात केलीत."

"व्हय."

"एक राहिला की."

राघो हसला. "येक कवाच बोलत नाय आमी, बाय."

या उत्तरातून चित्रानं काढला तो अर्थ असा, की माणसाला मोजता येत नाही आणि त्याची लाजही नाही. तिनं पोतं ओढून स्वतः मोजलं. तेरा. खात्रीसाठी पुन्हा मोजलं, तरी तेराच. तिनं चौदावर सरळ रेघ मारली, वर तेरा लिहिलं आणि बाजूला सही केली. चौथी सही. राघोनं तिच्या बोटाखाली आपली सही केली, आकडा न बघता. बाय लिहिते ते बरोबर, असं तो धरून चालला होता. बायही तेच धरून चालली होती.

दोन दिवसांनी राघो आठ दिवसांच्या रजेवर गेला. त्याच्या मुलीचं, सगुणाचं, लग्न होतं. आगऱ्याच्या घरचं लग्न म्हणजे आठ दिवस कमीच.

तेवढ्यात शेडमध्ये दोन गोष्टी घडल्या. पोत्यातली तेरा बुचं साफ होऊन गोदीत गेली. आणि फळीवरच्या बुचाला देवपण आलं. मार्गशीर्ष चालू होता. झाडू मारणारी मनुबाई दर गुरुवारी आईच्या फोटोला हार घालायची. फोटोपुढं काहीतरी गोल, पितळेचं आणि वजनदार बसलेलं बघून तिनं त्यालाही हळदकुंकू लावलं. एकदा हळदकुंकू लागल्यावर त्याला "हे काय आहे" असं विचारायची कुणाची हिंमत होणार. लेथवरचा काळुराम कामाला लागण्याआधी त्याला हात लावून तो हात कपाळाला टेकवायचा. चित्रानंही दोनदा फूल वाहिलं.

गोदीत भगवान फोरमननं बुचं बसवून घेतली. बुडाला तोवर तांबडा रंग मारून झाला होता. दट्टे रंगाखाली गेले होते, हातानं चाचपून काढावे लागत. एकेक दट्ट्या उपटायचा, बूच पिळून बसवायचं. तेरा बुचं संपली आणि शोध थांबला. माणूस हातातलं संपेपर्यंतच शोधतो. मेटनं रजिस्टरातला आकडा पाहिला, बसवलेली बुचं मोजली, सही केली.

पौर्णिमेच्या सकाळी साडेनऊला गोदीत पाणी सोडायचं आणि दुपारी बाराच्या उधाणाला बोट बाहेर काढायची, असं ठरलं. घरी मराठीत आपण एखाद्या गोष्टीवर पाणी सोडतो ते आशा संपली म्हणून. गोदीत मात्र सगळ्यांची आशा त्यावरच असते. दामाजी नवा पांढरा सदरा घालून सकाळी सातलाच गोदीवर गेला.

त्याच सकाळी पावणेनऊला राघो शेडमध्ये आला. हातात लग्नाच्या बुंदीच्या लाडवांचा डबा होता. फळीवरून लाभ उचलायचा, गोदीत जायचं, सगळ्यात शेवटी तो आपल्या हातानं बसवायचा आणि मग मुकादमकीची वाट बघायची, एवढाच त्याचा बेत. त्यानं फळीवर बूच बघितलं. मग कोपऱ्यात बघितलं. पोतं नव्हतं.

चित्रा नऊला आली तेव्हा तो बूच हातात धरून तिच्या टेबलापाशी उभा होता.

"बाय, पोता कुठं हाय?"

"परवाच गेलं गोदीत. बुचं बसवूनसुद्धा झाली. आज पाणी सोडतायत. लग्न कसं झालं?"

"लगीन झाला. ह्यो लाभ मंग इथंच कसा?"

"अहो, ते देवाचं आहे. ठेवा बघू खाली. मनुबाई ओरडेल."

"देवाचा नाय, बोटीचा हाय."

चित्रानं बूच त्याच्या हातातून घेतलं. हळदकुंकवाचा थर नखानं खरवडला. खाली आटे होते, जुने आणि झिजलेले. तिनं रजिस्टर काढलं, ते पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"राघोदादा, तेरा होती. मी दोनदा मोजलीत. तेरा गेली, तेरा बसली. मेटची सही आहे. हे बूच दुसऱ्या कुठल्या बोटीचं असेल."

"चौदा भोकां मी खोल्ली. चौदा दट्टे मी ठोकले."

"लिहून ठेवलेत का कुठं?"

"हातांना माहीत हाय."

चित्रानं घड्याळ पाहिलं. नऊ वाजून दहा मिनिटं. तिनं मनातल्या मनात हिशेब मांडला, तो असा. दामाजी शेटचा एक नियम कळव्याला पाठ होता: पाणी थांबवणाऱ्याला मी कामावर ठेवत नाही. गेल्या वर्षी एका मुकादमानं संशयावरून एका बार्जचं पाणी थांबवलं. संशय खोटा निघाला, उधाणाची तिथी गेली, आणि मुकादम संध्याकाळी घरी गेला तो कायमचा. आता ती फोन करून म्हणणार, की तेराचे चौदा करा. कशाच्या जोरावर? आठ दिवस हळदीत नाचून आलेल्या माणसाच्या हातांच्या जोरावर?

"आणि खरंच एक भोक राहिलं असेल, तर काय होईल?" तिनं विचारलं.

"बोट बुडनार नाय," राघो म्हणाला. "एक टाकी खराब व्हईल. पन ती गोऱ्या पान्याची टाकी हाय, पियाच्या. दट्ट्या आज धरंल, उद्या धरंल. चारशे मानसां बसली आनि बोट लांब गेली, का सुटंल. मंग खारी चाय पियाला लागंल सगल्यांना. साखर टाकून."

"खारट चहासाठी तुम्ही नोकरी घालवणार?"

"मना ठावं हाय म्हनून बोलतू. ठावं नसता तं गप रायलू असतू. मुकादम व्हऊन ही बोट आठवत बसायचा, त्यापक्षी नको ती मुकादमकी."

चित्राला त्याचा राग आला. खोटं बोलणाऱ्याचा राग सोपा असतो. हा खरा वाटत होता आणि तिच्या रजिस्टराच्या विरुद्ध होता, दोन्ही एकाच वेळी.

"बरं," ती म्हणाली. "त्या दिवशी मोजलीत तशी मोजून दाखवा."

"काय मोजू? बुचां तं गेली."

"लाडू मोजा."

राघोनं डबा उघडला. मशीन पुसणारा काळुरामही येऊन उभा राहिला. लाडू मोजायचे म्हटल्यावर त्याला लेथ महत्त्वाचं वाटेना. राघोनं पहिला लाडू उचलला, "लाभ" म्हणाला आणि फळीवर आईपुढं ठेवला. मग डब्याच्या झाकणावर एकेक मांडत गेला. "दोन, तीन, चार, पाच, सहा."

झाकणावर पाच लाडू होते. चित्रानं ते बघितले. मग फळीवरचा बघितला.

"हा पहिला तिथं का ठेवलात?"

"लाभ हाय ना तो. आई मिठागरात पयली पाटी भरायची, तिला येक नाय बोलायचा. येक बोल्ला का एकलाच रातो, वारत नाय. लाभ बोलायचा आनि देवीपाशी ठेवायचा. सगला मीठ भरून झाला का सगल्यात शेवटी ती पाटी ओतायची. तवर कोनी हात नाय लावायचा."

"म्हणजे एकूण किती?"

"सहा. तुमाला दिसतान की."

"आमच्याकडं पण वाण्याचं तसंच असायचं," काळुराम म्हणाला. "पायली मोजताना लाभ, दोन, तीन. माझी आजी तर—"

"तुला हे माहीत होतं?" चित्रा त्याच्याकडे वळली.

"माहीत म्हणजे, सगळ्यांनाच माहीत असतं ना, ताई."

चित्रा सगळ्यांत मोडत नव्हती. तिच्या वडिलांनी डोंबिवलीला वाणसामान पुड्यांतून आणलं होतं, वजन करून, बिलासकट. तिनं रजिस्टरातलं ते पान पुन्हा पाहिलं. रेघ मारलेले चौदा अगदी स्वच्छ वाचता येत होते. चुका वाचता याव्यात म्हणूनच ती गिरवत नसे.

तिनं फोन उचलला. नऊ पंचवीस. गोदीचा नंबर एंगेज होता. नऊ तीसला पुन्हा लावला, तरी एंगेज. राघो बूच फडक्यानं पुसत होता. फोन लागला तेव्हा नऊ चाळीस झाले होते आणि पलीकडे भगवान होता.

"भगवानभाऊ, पाणी सोडलं का?"

"कधीच. ठोकळे भिजले अर्धे. काय काम आहे?"

"शेटना बोलवा."

"शेट काठावर आहेत, फोटो काढतायत त्यांचा."

"फोटो राहू द्या, बोलवा."

दामाजी आला तो धापा टाकत आणि हसत. "काय गं, बोट दिसते काय तिथनं?"

"शेट, बुचं चौदा आहेत. एक इथं शेडमध्ये आहे. पाणी थांबवा."

हसणं थांबल्याचं फोनमधून कळलं. "रजिस्टरात तेरा आहे. मेटनं सही केलीय. कोण म्हणतं चौदा?"

"राघोदादा."

"तो काल हळदीत होता. त्याला चार दिवस सगळं डबलच दिसणार."

"त्यांचा आकडा बरोबर होता. मी चौदा लिहिलं होतं आणि मीच खोडलं. त्यांनी पहिलं बूच लाभ म्हणून देवापाशी ठेवलं होतं, मी फक्त पोतं मोजलं."

दामाजी कोळ्याच्या घरात वाढलेला. पहिली पाटी देवीची, हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"तू बी.कॉम. ना गं?" तो म्हणाला.

"हो."

"मग मोजलं कसं नाही?"

"मोजलं नाही, शेट. वजा केलं."

दामाजीनं फोन खाली न ठेवताच ओरडून झडप बंद करायला सांगितली. चित्राच्या कानात दडा बसला.

राघो बूच लाडवाच्या डब्यात टाकून निघाला. त्याच्या जागी लाडू टेबलावर राहिले. तो गोदीत पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते आणि आत आलेलं पाणी पंप पुन्हा बाहेर काढत होते. काठावर मेट घड्याळ बघत फेऱ्या मारत होता. भगवानची माणसं गुडघाभर पाण्यात टॉर्च घेऊन बूड चाचपत होती. सगळीकडे तांबडा रंग, एकसारखा. राघोनं टॉर्च घेतला नाही. तो डावीकडच्या ठोकळ्यांच्या रांगेनं वाकून आत गेला, हातोडीनं ठोकत. लोखंड, लोखंड, लोखंड. मग एक आवाज आला तो लाकडाचा. त्यानं दट्ट्या उपटला, अंगावर रंगाची खपली घेतली आणि बूच पिळून बसवलं.

बाराचं उधाण गेलं. दुसऱ्या दिवशीची भरती पाऊणला होती, तीही पुरेशी होती. बोट त्या भरतीला बाहेर पडली. कप्तानानं बोटीवरचे संडास उघडायला लावले, तेव्हा खलाशांनी टाळ्या वाजवल्या असं म्हणतात. दामाजीचा फोटो मात्र नुसता पाण्यासोबतच आला, बोट हललेली नाही असा. तो अजून शेडमध्ये आहे.

तिसऱ्या दिवशी दामाजी शेडमध्ये येऊन बसला. राघोला बोलावलं, चित्राला रजिस्टर आणायला सांगितलं.

"माझा नियम माहीत आहे ना?" तो म्हणाला. "पाणी कोणी थांबवलं?"

"मी," राघो म्हणाला.

"फोन मी केला होता," चित्रा म्हणाली. "खाडाखोड माझी आहे. राघोदादांचं नाव यात घालू नका."

दामाजीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. काळुराम लेथ बंद करून ऐकत होता.

"तुम्ही दोघं स्वतःला फार समजता," दामाजी म्हणाला. "झडप माझ्या ओरडण्यानं बंद झाली. पाणी मी थांबवलं. आता मला मी काढू कसा? काढला तर तुम्हाला पगार कोण देणार?" त्यानं टेबलावरच्या लाडवांकडे हात केला. दोनच उरले होते. त्यानं एक उचलला, "लाभ" म्हणाला आणि तोंडात टाकला. "एक तारखेपासून राघो मुकादम. लिही."

चित्रानं लिहिलं. त्या आधी तिनं जुनं पान काढलं. तेरावर सरळ रेघ मारली, वर चौदा लिहिलं, बाजूला सही केली. पाचवी. ही कुणाच्या चुकीची आहे, हे पुढं कुणी विचारलं तर ती सांगायची. न विचारता नाही.

"आता या पुढं एकपासून मोजायचं," दामाजीनं राघोला बजावलं.

"व्हय," राघो म्हणाला. पुढच्या बार्जच्या वेळी त्यानं पहिलं बूच उचललं, लाभ म्हणाला आणि फळीवर ठेवलं. चित्रानं मान वर करून पाहिलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: लाभ, आईपाशी. मग दोन.

बोट गेली त्या आठवड्याचा गुरुवार मात्र अडला होता. मनुबाई हार घेऊन आली तेव्हा फळीवर हळदकुंकवाचं नुसतं गोल वर्तुळ होतं.

"ताई, इथला देव कुठं गेला?"

"बोटीला बसवला," चित्रा म्हणाली.

"कुठं?"

"खाली. बुडाला."

मनुबाईनं यावर थोडा विचार केला. मग तिनं हार फोटोला घातला आणि उरलेलं फूल त्या वर्तुळात ठेवलं.

"बरं केलं," ती म्हणाली. "वर काय, नाचतच असतात."